तिन्हीसांजेची झोप

बस माझ्या हातातून काढून घेतली ती बसनंच. सांगलीच्या विश्रामबागेच्या जरा अलीकडे, संध्याकाळची वेळ, गाडी गच्च भरलेली. मला काही कळायच्या आत स्टिअरिंग हातात घट्ट झालं, गाडी आपली आपण डावीकडे सरकली, थांबली, दारं उघडली आणि वरून गोड आवाजात घोषणा झाली, "चालकाला विश्रांतीची आवश्यकता आहे. प्रवाशांनी सहकार्य करावे." सगळ्या गाडीसमोर! पहिल्या सीटवरचे एक आजोबा पुढं वाकून म्हणाले, "पोरी, रात्री करतीस तरी काय?"

"पोरगी सांभाळते, आजोबा. तुम्ही सांभाळली होती का कधी?" मी म्हटलं.

आजोबा खिडकीबाहेर बघायला लागले. लोक पुटपुटत उतरले, मागच्या बसमध्ये चढले. मी तशीच बसून राहिले. काचेच्या वर एक छोटा कॅमेरा असतो, तो ड्रायव्हरच्या पापण्या बघतो. पापणी जरा जास्त वेळ मिटली की गाडी ड्रायव्हरचं ऐकत नाही. वर्षात तीनदा असं झालं की ड्रायव्हरला कायमचं खाली उतरवतात आणि डेपोत चार्जिंगच्या वायरी जोडायला बसवतात. नियम चांगलाच आहे, त्याला मी नावं ठेवत नाही. पण मिरज-सांगली रस्त्यावर गाडी हाकायची म्हणून मी बापाशी भांडले, लग्न ठरताना संग्रामला आधी तेच सांगितलं, आणि सात महिन्यांचं पोट घेऊन सुट्टीवर गेले ती परत येऊन याच सीटवर बसायचं म्हणून. मला गाडी चालवायला आवडतं. आणि आता तिच्यावरूनच उतरायची पाळी आली होती.

बरं, मला झोप का लागावी, हेच कळत नव्हतं. आमच्या घरात झोपेचा बंदोबस्त तर दंडावर चिकटवलेला होता.

तो कसा, ते सांगते. मूल जन्माला येतं तेव्हा त्याच्या अंगात घड्याळ नसतं. रात्र कुठली, दिवस कुठला, त्याला पत्ता नसतो. ते घड्याळ त्याला पहिले काही महिने उसनं मिळतं, आईच्या दुधातून. अंधार पडला की आईच्या रक्तात मेलाटोनिन नावाचं संप्रेरक वाढतं, तेच आपल्याला झोप आणतं, आणि थोडं थोडं दुधातही उतरतं. म्हणजे रात्रीचं दूध वेगळं असतं आणि दुपारचं वेगळं. बाळ रात्रीचं दूध पितं आणि त्याच्या अंगाला कळतं की बाबा रे, आता रात्र आहे. पुढं हळूहळू त्याचं स्वतःचं घड्याळ चालू होतं.

पण आपल्या घरात रात्र होते कुठं? बारा वाजेपर्यंत दिवे, टीव्ही, हातात फोन. आईच्या अंगालाच रात्र कळेना, तर दुधाला काय कळणार? म्हणून ही चकती निघाली. रुपयाएवढी, दंडावर चिकटवायची. तिला खालून केसापेक्षा बारीक सुया असतात, त्यातून आईच्या अंगात थोडं मेलाटोनिन सुटतं. आणि बाळाच्या पायात एक मऊ वाळा. बाळ कधी झोपलं, कधी उठलं, किती वेळा चुळबुळलं, हे तो वाळा चकतीला कळवत राहतो. बाळाची झोप कमी पडली की चकती आपणहून औषध थोडं वाढवते, थोडं लवकर सुरू करते. पुरेशी झाली की कमी करते. कुणी काही करायचं नाही.

सुट्टीत हे असं चाललं की विचारू नका. माझी मैना रात्री कुशीत यायची, प्यायची, पिता पिताच डोळे मिटायची. मध्ये एकदा उठायची, परत प्यायची, परत झोपायची. माहेरून सासरी आले तरी त्यात फरक पडला नाही. शेजारणी विचारायच्या, काय देतेस गं पोरीला? मी म्हणायचे, दूध देते, दुसरं काय देणार? संग्राम तर चकतीला घरातली मोठी सून म्हणायला लागला होता.

मैना साडेचार महिन्यांची झाली आणि माझी सुट्टी संपली. मला दुपारपाळी मिळाली. सकाळी दूध काढून बाटल्या फ्रीजमध्ये ठेवायच्या, दुपारी निघायचं, रात्री नवाच्या सुमारास घरी. दिवसभर मैना आत्यांपाशी. सासूला आमच्याकडे आत्याच म्हणतात. आत्या म्हणजे मूल सांभाळायला एक नंबर. तेल लावून अशा रगडायच्या की पोरगी हसून हसून लाल व्हायची. तोंडाला फटकळ, पण मीही काही कमी नाही, त्यामुळं आमचं बरं चालायचं.

आणि पहिल्या आठवड्यापासूनच सगळं बिघडलं. मी घरी यावं तर मैना रडून सुजलेली. पदराखाली घ्यावं तर दोन घोट प्यायची, सोडायची, पाठ ताठ करून किंचाळायची. खांद्यावर घेऊन संग्राम घरभर फिरायचा. शेवटी कधीतरी ती झोपायची आणि तासाभरात परत उठायची. मला वाटलं, मी दिवसभर नसते म्हणून पोरगी रुसलीय. तरी मनाला म्हणायचे, चकती आहे, ती बघून घेईल.

चकती बघतच होती. कसं, ते पुढं कळलं.

दुसऱ्यांदा गाडी थांबली ती मिरजेत शिरताना. हे पहिल्या खेपेनंतर महिन्याच्या आतच. या वेळी मला आठवतंय, समोरचा सिग्नल लाल होता, मी ब्रेकवर पाय ठेवला, आणि पुढचं काहीच आठवत नाही. डेपोचे मगदूम साहेब तसे भले. त्यांनी मला समोर बसवलं, चहा मागवला.

"समृद्धी, आता एकच राहिलं. दोन्ही खेपा संध्याकाळच्याच आहेत, बघितलंस का? सकाळी तू खडखडीत असतेस."

"रात्री झोप होत नाही, साहेब."

"मग दुपारी डुलकी लागायला हवी होती. तुला नेमकी सात वाजताच लागते. आठवडाभर घरी थांब. डॉक्टरचा दाखला आण, मग गाडीवर बस. आणि हे बघ, तिसऱ्यांदा झालं तर माझ्या हातात काही नाही."

दवाखान्यात चकती बसवणाऱ्या दानोळे सिस्टर होत्या. त्यांनी माझ्या चकतीतली आणि मैनेच्या वाळ्यातली नोंद समोरच्या पडद्यावर उघडली आणि बघता बघता त्यांचा चेहरा उतरला.

"अगं, ही तर संध्याकाळी साडेपाचलाच सुरू होतेय. आणि केवढं औषध सोडतेय!"

"संध्याकाळी? मी तर तेव्हा गाडीवर असते."

"चकतीला कुठं माहितीय ते?" सिस्टर म्हणाल्या. मग त्यांनी मला नीट समजावलं. चकती बनवणाऱ्यांनी धरून चाललं होतं की अंगावर पिणारं मूल आईजवळच असतं. बाटलीचा विचारच कुणी केला नव्हता. मैना सात वाजता रडत उठली की वाळा कळवायचा, झोप मोडली. चकती समजायची, आईच्या दुधातलं औषध कमी पडतंय, उद्या अजून लवकर सुरू करू, अजून जास्त देऊ. इकडं मैना पीत होती सकाळी काढलेलं दूध, त्यात झोपेचं काही नाही. आणि तिच्या वाटणीची झोप माझ्या अंगात चढत होती, भर रहदारीत.

डोक्यात एक सणक गेली. म्हटलं, सिस्टर, आत्ताच्या आत्ता काढा हे. त्यांनी काढलं. दंडावर लाल वर्तुळ राहिलं.

"आता मैनेचं स्वतःचं घड्याळ सुरू होण्याइतकी ती मोठी झालीय," सिस्टर म्हणाल्या. "रात्री दिवे लवकर बारीक कर, तुझं अंग आपलं आपण काम करेल. पण एक सांग, ती रोज सात वाजता उठते कशी? बघ ना, सव्वासहाला झोपते आणि सातला दचकून उठते. रोज. फक्त गुरुवारी नाही."

गुरुवारी माझी सुट्टी असते. गुरुवारी मी घरी असते, तिला मांडीवर घेऊन संध्याकाळी गच्चीवर जाते, ती जागीच असते.

"या वयात मुलं दुपारी नीट झोपली नाहीत की संध्याकाळी गळून जातात," सिस्टर म्हणाल्या. "तेव्हा झोपू द्यायचं. कुणी उठवलं की ती इतकी दमतात की मग रात्रभर धड झोपत नाहीत. घरात कुणी उठवतं का तिला?"

मी घरी गेले ती बरोबर दिवेलागणीला. दार उघडंच होतं. आतल्या खोलीत मैना गादीवर हात पसरून गाढ झोपली होती. आत्या तिच्यापाशी वाकल्या. हात पाण्यानं ओला केलेला. तो त्यांनी तिच्या डोळ्यांवरून फिरवला, "ऊठ माझी बाय, ऊठ, दिवा लावायचाय," असं म्हणत तिला उचलून खांद्यावर टाकलं. मैनेनं आधी नुसतं तोंड वाकडं केलं. मग जो टाहो फोडला, तो मी रोज रात्री ऐकत होते तोच.

माझी जीभ सुटली. सुटली ती सुटलीच.

"तुम्ही रोज हे करताय?"

"तिन्हीसांजेला लेकरू झोपलेलं बरं न्हवं," आत्या म्हणाल्या. "दिवा लागताना घरात कुणी आडवं पडू ने."

"कुणी सांगितलं? तुमच्या या खुळापायी माझी नोकरी चाललीय, माहितीय का तुम्हाला? पोरगी रात्र रात्र रडते, मी गाडीवर डुलक्या घेते, अन् तुम्ही दिवे लावा! एखाद्या दिवशी गाडी कुणाच्या अंगावर गेली असती म्हणजे? तुमच्यापेक्षा पाळणाघरातल्या बायका बऱ्या, निदान झोपलेलं पोर उठवत तरी नाहीत."

एरवी आत्यांनी माझ्या दोन वाक्यांना चार लावली असती. आज त्यांनी मैनेला माझ्याकडं दिलं, देवापाशी दिवा लावला आणि स्वयंपाकाला लागल्या. रात्री संग्रामला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आईचं नको मनावर घेऊ. सोमवारपासून पाळणाघरात टाकू. मी बोलतो त्यांच्याशी." आणि बोललाही. जागा मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या नेहमीसारखं मैनेला पाय पसरून पुढ्यात घेऊन बसल्या. संग्राम कामावर गेला होता. मी शेजारी लंगोट घड्या घालत होते, मुद्दाम त्यांच्याकडं न बघता. तेलाचा हात मैनेच्या पाठीवरून फिरत होता, आणि मधेच थांबला.

"संग्रामच्या आधी एक झाली हुती मला," आत्या म्हणाल्या. "पोरगीच."

मला माहीत नव्हतं. माझ्या लग्नाला पाच वर्षं झाली, घरात एकदाही कुणी बोललं नव्हतं. संग्रामला तरी माहीत होतं की नाही कोण जाणे.

"एवढीच हुती. हिच्याएवढी. संध्याकाळी अंगावर पिऊन झोपली. मी म्हटलं, झोपलीया तोवर भाकऱ्या थापून घेते. आमचं तेव्हा खटलं मोठं. भाकऱ्या झाल्या, दिवा लावला, आणि उठवायला गेले तर..." त्यांनी मैनेला उताणी केली, पोटाला तेल लावलं. "अंग अजून कोमट हुतं. सासूबाई म्हणाल्या, तिन्हीसांजेला कशाला झोपवलीस? आल्यागेल्यानं तेच विचारलं. किती वर्षं विचारत हुते."

मी घड्या घालायची थांबले.

"आत्या, तान्ही मुलं कधी कधी अशी जातात. झोपेतच. कुणाची चूक नसते. वेळेचा काही संबंध नाही त्यात. दानोळे सिस्टरना विचारू आपण—"

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "मी काय अडाणी हाय व्हय? टीव्हीवर ऐकलंय, फोनवर बघितलंय. झोपल्यानं कुणी मरत न्हाई. सगळं ठावं हाय. पर दिवा लावायची वेळ झाली की माझा हात जातो. डोकं म्हणतंय झोपू दे, हात ऐकत न्हाई. तू घरात असलीस तर काय वाटत न्हाई. एकटी असले की..." त्यांनी मैनेचे पाय जवळ घेतले, सोडले, परत जवळ घेतले. "टाक हिला पाळणाघरात. मला वाईट वाटणार न्हाई."

त्यांचे डोळे कोरडे होते. रडले मी. आदल्या दिवशी काय काय बोलले होते ते सगळं आठवत होतं आणि त्यातला एकही शब्द परत घेता येत नव्हता.

रविवारी रात्री जेवताना संग्राम म्हणाला, "सकाळी जाताना मीच मैनेला सोडेन. पिशवी भरून ठेव."

"मैना घरीच राहील," मी म्हटलं.

"समू, दोनदा गाडी थांबलीय तुझी. अजून एकदा झालं तर वायरी जोडत बसशील. आणि तूच म्हणत होतीस ना, आई उठवते म्हणून?"

"म्हणत होते. आता म्हणत नाही."

"मग आई उठवणार नाही, असं म्हणालीय का?"

आत्या ताटातलं चिवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. तसं काही त्या म्हणाल्याच नव्हत्या, आणि मीही त्यांच्याकडून वदवून घेतलं नव्हतं. देवाशपथ सांगते, घ्यावंसं वाटत होतं. पण त्यांनी शब्द दिला असता आणि हात परत गेला असता, तर त्यांनी स्वतःला कधी माफ केलं नसतं. पाळणाघरात पाठवलं असतं तर माझी गाडी वाचली असती. आणि आत्यांना जे इतकी वर्षं सगळे सांगत आले, तेच मीही सांगितल्यासारखं झालं असतं, की तुझ्यापाशी लेकरू ठेवायला नको.

मी त्यांना म्हटलं, "आत्या, उठवावंसं वाटलं तर उठवा. मी काही बोलणार नाही. फक्त एक लक्षात ठेवा. तिसऱ्यांदा गाडी थांबली तर मी डेपोत वायरी जोडत बसणार नाही, घरीच बसेन. आणि दिवसभर तुमच्याशी भांडेन."

"माझ्याच नशिबाला आलीस," आत्या म्हणाल्या. पण भाकरीचा तुकडा तोंडात गेला.

सोमवारी दुपारी दाखला देऊन गाडी ताब्यात घेतली. दंडावर काही नाही, मैनेच्या पायातला वाळाही कपाटात. फोन करायचा नाही असं ठरवलं होतं. संध्याकाळ झाली, रस्त्यावरचे दिवे लागले, विश्रामबाग आलं. वरचा कॅमेरा माझ्याकडं बघत होता आणि मी आमच्या आतल्या खोलीत काय चाललं असेल ते बघत होते. झोप कुठली येतेय! डोळे इतके ताणलेले की पाणी यायला लागलं. मिरज, सांगली, परत मिरज. गाडी गपगुमान माझं ऐकत होती. पण आज ऐकेल, उद्याही ऐकेल. रात्री पोरगी झोपली नाही तर आठवड्याच्या शेवटी काय होणार, हे मला आणि मगदूम साहेबांना दोघांनाही माहीत होतं.

नऊला घरी पोचले. रडण्याचा आवाज नव्हता. घरात अंधार, फक्त स्वयंपाकघरातला छोटा दिवा. संग्राम कट्ट्यावर बसून बिस्किटं खात होता. मला बघून त्यानं ओठांवर बोट ठेवलं आणि आतल्या खोलीकडं मान केली.

मैना गादीवर झोपली होती. शेजारी जमिनीवर आत्या बसल्या होत्या, भिंतीला टेकून, पाय लांब केलेले, आणि त्यांचा उजवा हात मैनेच्या छातीवर. हात श्वासाबरोबर वर जात होता, खाली येत होता.

"कधी झोपली?" मी हळूच विचारलं.

"दिवेलागणीच्या आधी." त्यांचा आवाज बसला होता. "भाकऱ्या न्हाई झाल्या गं. दिवा बी न्हाई लावला. बिस्किटं खातोय तो बिचारा."

"तुम्ही तेव्हापासून इथंच आहात?"

"हात गेला हुता माझा," आत्या म्हणाल्या. "उठवायलाच गेला. मग तसाच ठेवला तिच्यावर."

मी त्यांच्याजवळ बसले. मैनेला हलकेच कुशीत घेतलं. तिनं डोळे न उघडताच तोंड उघडलं, शोधलं, आणि झोपेतच प्यायला लागली. आता ते रात्रीचं दूध होतं, चकतीनं काही न घातलेलं. थोड्या वेळानं तिचं तोंड सुटलं आणि हात माझ्या अंगावर सैल पडला.

"गाडी नीट आणलीस न्हवं?" आत्यांनी विचारलं.

"आणली."

"मग आता तू बस हितं." त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला, भिंतीचा आधार घेतला, उठायला वेळ लागला. मुंग्या आलेला पाय झटकत त्या देवापाशी गेल्या. रात्रीचे नऊ कधीच वाजून गेले होते. त्यांनी काडी ओढली आणि दिवा लावला.